कैरो बघायचं तर आधी आपलं घड्याळ बदला

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नोव्हेंबरात कैरोत पाच दिवस आहेत. तुम्ही, तुमचे यजमान आणि तुमची धाकटी बहीण असे तिघं, त्यात तुम्ही दोघी बहिणी शाकाहारी. पिरॅमिड तर बघणारच, पण एवढ्या अवाढव्य जुन्या शहरातलं बाकीचं काय आणि कसं बघावं, खाण्याचं काय करावं, रात्री बाहेर पडावं का आणि बायकांना ते कितपत सुरक्षित?

मी बरीच वर्षं आपल्याकडच्या मंडळींचे छोटे गट घेऊन इजिप्तला जातोय. सहाला उठायचं, आठला बसमध्ये बसायचं आणि संध्याकाळी सातला हॉटेलवर परतायचं, या वेळापत्रकात पिरॅमिड बघून होतात, पण कैरो राहून जातं. दोन कोटींहून जास्त वस्तीचं हे शहर दुपारी अकरापर्यंत आळोखेपिळोखे देत असतं आणि सूर्य मावळला की खरं जागं होतं. जेवण रात्री नऊ-दहाला. अकरा वाजता रस्त्यावर कडेवर लेकरं घेतलेल्या आया, आजोबा, शाळकरी मुलं, सगळे असतात. रात्र म्हणजे तिथे तरुणांची किंवा पिणाऱ्यांची वेळ नाही, अख्ख्या कुटुंबाची वेळ आहे. म्हणून पाचपैकी निदान तीन दिवस सकाळी निवांत उठा, जुन्या वास्तू अकरा ते पाच या वेळात बघा, हॉटेलवर येऊन दीड-दोन तास पडा आणि आठला पुन्हा बाहेर पडा. ही दुपारची झोप सोडू नका. ती सोडणारे तिसऱ्या दिवशी रात्री नऊलाच गळपटतात.

राहायचं कुठे, हे यावरूनच ठरतं. पिरॅमिड दिसणाऱ्या खिडकीच्या मोहानं लोक पाचही रात्री गिझात काढतात. तिथून शहराचा मध्य पंधराएक किलोमीटर, आणि कैरोच्या रहदारीत हे अंतर कधी अर्ध्या तासाचं तर कधी दीड तासाचं. मग रात्री बाहेर पडायचा उत्साहच उरत नाही. गिझाला हवी तर एक रात्र राहा, बाकीच्या रात्री डाउनटाउन किंवा झमालेकला. डाउनटाउनमध्ये खाणं-पिणं, मेट्रो, जुनी कॅफे, सगळं पायाखाली. झमालेक हे नाईलमधल्या बेटावरचं झाडीचं, थोडं शांत आणि थोडं महाग. बहीण बरोबर असताना मी झमालेक निवडेन, कारण रात्री परतताना तिथले रस्ते जास्त निवांत वाटतात.

आता शहराची रचना. ती एकदा लक्षात आली की नकाशा सोपा होतो. आज आपण ज्याला कैरो म्हणतो ती एकापुढे एक वसलेली चार-पाच शहरं आहेत. 641 साली अरब सेनापती अम्र इब्न अल-आसनं नाईलकाठच्या रोमन किल्ल्याशेजारी फुस्तात वसवलं. नंतर येणारी प्रत्येक राजवट आधीच्या गावाच्या ईशान्येला आपलं नवं शहर उभारत गेली. 969मध्ये फातिमी राजघराण्याचा सेनापती जौहर यानं अल-काहिरा वसवलं, तेच आजच्या नावाचं मूळ. मग 1860च्या दशकात इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईलनं पॅरिसच्या धर्तीवर पश्चिमेला नदीच्या बाजूनं डाउनटाउन उभं करायला घेतलं. तेव्हा एका दिवसाला एकच शहर घ्या. सकाळी सलादीनचा किल्ला, दुपारी कॉप्टिक (म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची) वस्ती, संध्याकाळी बाजार अशी खिचडी केली की अर्धा दिवस गाडीत जातो आणि काही मनात ठरत नाही.

पहिला दिवस फुस्तातला द्या. मेट्रोनं मार गिर्गिस स्टेशनला उतरलात की समोरच रोमन किल्ल्याचा गोल बुरूज आणि त्यामागे कॉप्टिक चर्चची वस्ती. 1987मध्ये सुरू झालेली ही मेट्रो आफ्रिकेतली पहिली, स्वस्त आहे आणि रहदारीतून सुटका करते. गाडीच्या मधले दोन डबे बायकांसाठी असतात, तुम्ही दोघी बिनधास्त त्यात चढा. किल्ल्याच्या दरवाजावर बांधलेलं टांगतं चर्च सगळेच बघतात. त्याच्या जवळचं बेन एझ्रा सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मात्र लोक दोन मिनिटांत उरकतात, आणि आपल्यासाठी तर तीच जागा मोलाची आहे. देवाचं नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही, या ज्यू परंपरेमुळे इथल्या एका कोठडीत शेकडो वर्षांची पत्रं, हिशेब, करार, याद्या साठत गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यातले जवळजवळ दोन लाख तुकडे केंब्रिजला गेले. त्यात भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रं आहेत. बाराव्या शतकातला अब्राहम बेन यिजू हा व्यापारी वर्षानुवर्षं मंगळूरला राहिला, तिथे पितळेच्या वस्तूंचा कारखाना चालवला आणि मिरी, वेलची, लोखंड एडनमार्गे पाठवलं. फुस्तातच्या जुन्या उकिरड्यांत गुजराती छापाचं सुती कापडही सापडलंय. आपला पश्चिम किनारा आणि हे गाव आठशे-नऊशे वर्षांपूर्वी एकमेकांना पत्रं लिहीत होते. हे माहीत असलं की त्या लहानशा इमारतीत थोडं जास्त रेंगाळावंसं वाटतं. एक काळजी घ्या: शुक्रवारी आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात, तेव्हा इथला दिवस दुसऱ्या वारी ठेवा.

तिथून जवळच इजिप्शियन संस्कृतीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. 3 एप्रिल 2021ला बावीस राजे-राण्यांच्या ममी मिरवणुकीनं इथे आणल्या गेल्या. तळघरातलं ते दालन काळोखं आहे आणि आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे माणसं खरोखर बघतात. दुसरा रामसेस समोर झोपलेला असताना आपोआप आवाज खाली येतो.

दुसरा दिवस इब्न तुलून आणि सुलतान हसन या दोन मशिदींचा. सलादीनचा किल्ला (सिटाडेल) त्यांच्याजवळच आहे, वेळ उरला तर जा. 879मध्ये पूर्ण झालेली इब्न तुलूनची मशीद विटांची आहे, वर चुन्याचा गिलावा, मध्ये भलंमोठं उघडं अंगण आणि बाहेरून जिना गुंडाळलेला मिनार. बाहेरच्या गोंगाटातून आत आलात की कान सुन्न होतात, एवढी शांतता. कमानींच्या आतल्या बाजूची गिलाव्यातली नक्षी नीट बघा, जवळपास प्रत्येक कमानीत निराळी. शेजारी जुन्या दोन घरांना जोडून केलेलं गेयर-अँडरसन संग्रहालय आहे. जाळीच्या लाकडी खिडक्यांमागे बसून बायका खालचा समारंभ कसा बघत असतील हे तिथे प्रत्यक्ष बसून कळतं.

सुलतान हसनची मशीद-मदरसा 1356 ते 1363 या काळातली. दरवाजाच सुमारे अडतीस मीटर उंच. आत शिरल्यावर अंधारी, वाकडी वाट, आणि तिच्या शेवटी अचानक उजेडानं भरलेलं अंगण. ही योजना मुद्दाम केलेली आहे, म्हणून आत शिरताना फोन खिशात ठेवा. ज्यानं हे बांधलं त्या सुलतानाचा 1361मध्ये खून झाला आणि त्याचं प्रेत कधी मिळालंच नाही. घुमटाखालची ती भव्य कबर त्याच्याविनाच राहिली. समोरच्या अल-रिफाई मशिदीत इराणचे शेवटचे शाह पुरलेले आहेत.

जाता जाता, इजिप्तच्या कागदी नोटा खर्च करण्याआधी बघून घ्या. पाच पौंडांवर इब्न तुलून आहे, शंभरावर सुलतान हसन, वीसवर किल्ल्यातली मुहम्मद अलीची मशीद आणि एक पौंडावर सुलतान काइतबायची. माझ्या गटांत मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना या नोटा वाटतो आणि पुढे ज्या इमारतीशी पोचू तिची नोट काढायला सांगतो. मोठी माणसंही लहान मुलांसारखी शोधायला लागतात. काइतबायची 1474ची मशीद उत्तरेकडच्या कबरस्तानात आहे. तिच्या दगडी घुमटावरचं कोरीव काम कैरोतलं सगळ्यात देखणं, असं माझं ठाम मत आहे. त्या कबरस्तानात आजही माणसं राहतात, कारागीर काम करतात. गेल्या काही वर्षांत रस्ते आणि पुलांसाठी तिथल्या कितीतरी जुन्या कबरी पाडल्या गेल्या, त्याचं फार वाईट वाटतं. जमलं तर तिथे जा, अजून पुष्कळ शिल्लक आहे.

तिसरा दिवस खऱ्या काहिराचा, म्हणजे अल-मुइझ रस्त्याचा. हा रस्ता दोनदा चालायचा, एकदा उन्हात आणि एकदा दिव्यात. दुपारी उत्तरेकडच्या बाब अल-फुतूह या वेशीतून आत शिरा. बैत अल-सुहैमी हे सतराव्या शतकातलं व्यापाऱ्याचं घर बघा, मग सुलतान कलावूनचं संकुल. 1285च्या सुमाराला बांधलेल्या या संकुलात मदरसा, कबर आणि इस्पितळ एकत्र होतं. कबरीच्या दालनात रंगीत काचांतून उजेड जमिनीवर पडतो तो दुपारीच. तसंच चालत गेलात की अल-अझहरचा हमरस्ता ओलांडून बाब झुवेला येतं, 1092ची वेस. तिच्यावरच्या मिनारांवर तिकीट काढून चढता येतं. जिना अरुंद आणि अंधारा, गुडघे दुखत असतील तर नको. पण वर पोचलात की हजार वर्षांचं शहर खाली पसरलेलं आणि गच्च्यांवर कबुतरांच्या लाकडी ढाबळी. याच वेशीत 1517मध्ये ऑटोमन तुर्कांनी इथल्या ममलूक राजवटीचा शेवटचा सुलतान तुमान बे याला फासावर दिलं.

वेशीच्या बाहेर लगेच खयामियाची गल्ली आहे, छप्पर असलेला सतराव्या शतकातला बाजार. इथे तंबूंसाठी कापडावर कापड शिवून नक्षी करणारे कारागीर बसतात, बहुतेक पुरुष, मांडी घालून, बोटात जाड अंगुस्तान. नक्षीचा कागद टोचून त्यावर भुकटी चोळतात, कापडावर ठिपके उमटतात, मग एकेक तुकडा कडा आत दुमडत शिवत जातात. मोठी चादर महिनेच्या महिने चालते. काही घ्यायचंच असेल तर खान अल-खलीली या पर्यटकी बाजारातल्या चकचकीत पिरॅमिडांऐवजी इथली उशीची खोळ घ्या. छापील नकला आल्यात, म्हणून उलटी बाजू बघा. हाताचे टाके असतील तर मागे दिसतात.

रात्री आठनंतर याच अल-मुइझवर परत या. दिवे लागलेले असतात आणि कलावूनच्या भिंतीपाशी कॉलेजच्या पोरीपोरांचे घोळके फोटो काढत असतात. तिथून खान अल-खलीलीत अल-फिशावी कॅफेत पुदिन्याचा चहा प्यायला बसा. जागा जुनी, आरसे त्याहून जुने, विक्रेते दर मिनिटाला येतील, त्यांना हसून ‘ला, शुक्रन’ म्हणा आणि बसून राहा. 1988चं साहित्याचं नोबेल मिळवणारे नगीब महफूझ याच गमालिया वस्तीत जन्मले आणि या कॅफेत बसायचे. कुणी ‘हिंदी?’ असं विचारलं तर पुढचा शब्द बहुतेक वेळा ‘अमिताभ बच्चन’ असतो. तिथून गप्पा सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याचशा खऱ्या असतात.

त्याच भागातल्या वकालत अल-घौरी या 1505च्या सुमाराच्या सराईत आठवड्यातल्या ठरावीक संध्याकाळी तन्नूरा नाच असतो. वार आधी हॉटेलात विचारून घ्या आणि तासभर आधी पोचा. तुर्कस्तानातल्या कोनियाच्या शुभ्र वेषातल्या गरगर फिरणाऱ्या सूफी दरवेशांसारखं हे गंभीर नसतं. इथले घागरे रंगीत, जड, एकावर एक. नाचणारा एका जागी गरगर फिरत राहतो, फिरता फिरताच वरच्या घागऱ्याची नाडी सोडतो, तो डोक्यावर उचलून छत्रीसारखा फिरवतो, आणि खालचा घागरा वेगळा फिरतच असतो. बोटांत पितळी झांजा घातलेला वादक गर्दीकडे बघून एवढी करामत करतो की लोक नाचणाऱ्याला विसरतात. मूळ सूफी आहे, आजचं रूप रंगमंचाचं आहे, आणि दोन्ही मनापासून केलेलं असतं.

याहून खोल काही हवं असेल तर डाउनटाउनजवळच्या ‘मकान’ या छोट्या सांस्कृतिक केंद्रात ‘मझाहेर’ या गटाचा झारचा कार्यक्रम शोधा. झार म्हणजे अंगात आलेल्याला शांत करण्याचा विधी, आपल्याकडच्या देवऋषी-भगताच्या बैठकीच्या जवळचा. तो बायकांचा, बायकांनी चालवलेला. शेळ्यांचे खूर शिवलेला मंगूर नावाचा पट्टा कमरेला बांधून वादक कंबर हलवतो आणि त्यातून पावसासारखा खडखडाट निघतो. तुम्ही वादकांपासून चार हातांवर बसलेले असता. माझ्या बरोबरच्या लोकांना पिरॅमिडनंतर सगळ्यात जास्त हेच आठवतं.

आता खाणं. तुम्हा दोघींना काळजी करायचं कारण नाही, कैरोचं रोजचं जेवण मुळात शाकाहारीच आहे. मांस महाग असल्यानं सामान्य माणूस कडधान्यावर जगतो. सकाळी फूल: वालासारख्या मोठ्या बाकल्याच्या शेंगांतले दाणे रात्रभर अरुंद गळ्याच्या हंड्यात मंद आचेवर शिजतात. सकाळी गाडीवाला पळीनं काढून त्यात तेल, जिरं, लिंबू, हवं तर ताहिनी (तिळाचं वाटण) घालून ठेचतो. बरोबर कोंड्याची फुगीर भाकरी, लोणची आणि हिरवा कांदा. अकराच्या आत खा, नंतर हंडा रिकामा. तअमिया म्हणजे तिथलं फलाफल, पण चण्याचं नाही, त्याच बाकल्याचं, आत गर्द हिरवं कोथिंबीर-शेपूचं, वर तीळ. तळणीतून निघाल्यावर दोन मिनिटांत खायचं. फूल-तअमियाच्या दुकानात अंडं सोडलं तर बहुतेक सगळं शाकाहारी असतं: तळलेली वांगी, बटाटे, बिसारा नावाचं हिरवं वाटण.

कोशरी तर खायचीच. भात, मसूर, मॅकरोनी, वर छोले, टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. टेबलावर दोन बाटल्या: एकीत लसूण-व्हिनेगरचं पाणी, दुसरीत शत्ता, म्हणजे तिखट. पहिली सढळ हातानं घाला, दुसरी थेंबाथेंबानं, ती आपल्यालाही झोंबते. खालपर्यंत ढवळा आणि मग खा. वरचा थर वेगळा खाल्लात तर ती नुसती मॅकरोनी लागते. डाउनटाउनमधलं अबू तारिक प्रसिद्ध आहे आणि चांगलंही आहे, पण गल्लीतल्या कुठल्याही गर्दीच्या दुकानात ती तितकीच छान मिळते. ब्रिटिश फौजेबरोबर आलेल्या आपल्या खिचडीशी तिचं नातं लावतात. डिसेंबर 2025मध्ये दिल्लीत झालेल्या यूनेस्कोच्या बैठकीत अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत दिवाळी गेली, आणि त्याच बैठकीत कोशरीही.

फसगत होते ती रस्सा आणि भातात. मुलुखिया ही हिरवी पातळ भाजी बहुधा कोंबडी किंवा सशाच्या पाण्यात केलेली असते. भरलेल्या भाज्यांतला भातही कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘मिन घेर लहमा, मिन घेर फिराख’ म्हणजे मटण नको, कोंबडी नको, हे पाठ करा, कारण नुसतं ‘लहमा नको’ म्हटलं तर कोंबडी येते. तुम्ही दोघींनी ‘अना नबातिया’ म्हणावं. याहून चांगला एक शब्द आहे: ‘सियामी’. कॉप्टिक ख्रिस्ती लोक वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास पाळतात आणि त्या दिवसांत मांस, अंडं, दूध काही खात नाहीत. प्रत्येक आचाऱ्याला हा शब्द कळतो, आणि तुमचा नियम धर्माचा आहे असं समजून तो जपतो. काही उपासांत मासे चालतात, म्हणून ‘समक नको’ हेही जोडा. 25 नोव्हेंबरपासून नाताळाआधीचा मोठा उपास सुरू होतो, तेव्हा बेकऱ्या आणि खानावळींत सियामी पदार्थ सहज दिसतात.

यजमान खात असतील तर त्यांना हवावशी द्या, भाकरीत खिमा भरून भट्टीत भाजलेली, आणि एकदा भरलेलं कबुतर. रस्त्यावरची कलेजी चवीला उत्तम, पण पहिल्याच दिवशी नको. पाणी सगळ्यांनी बाटलीचंच प्या. उसाचा रस, जास्वंदीच्या जातीचं लालभडक करकदे, शेवटी दूधभाताची गार वाटी, एवढं पुरे.

पिण्याच्या रात्रीबद्दल सरळ सांगतो. कैरोत दारू मिळते, कायदेशीर आहे, वय एकवीस लागतं, पण ती शहराच्या रात्रीचा मध्य नाही. बाब अल-लूकमधल्या अल-होर्रेया या उंच छताच्या जुनाट कॅफेत स्टेला नावाची इजिप्शियन बिअर मिळते, आणि तिथे चित्रकार, कारकून, परदेशी विद्यार्थी सगळे एकाच टेबलाला. तलात हर्ब रस्त्यावरचं कॅफे रिश 1908चं, तिथे जेवा. जिवंत संगीतासाठी अगूझातला कैरो जॅझ क्लब आहे, गुरुवारी रात्री आधी जागा सांगून ठेवा. शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्यानं गुरुवारची रात्र सगळ्यात रंगते. अशा ठिकाणी पुरुषांच्या टोळक्याला दारातूनच परत पाठवतात, तुम्हा तिघांना अडचण नाही. झमालेकच्याच गेझिरा बेटावरच्या ऑपेरात अरबी गाण्याचा कार्यक्रम मिळाला तर तिकीट घ्याच. मुख्य सभागृहात पुरुषांना कोट-टाय लागतो. इजिप्तची थोर गायिका उम्म कुलसूम हिची गाणी तिथे कुणी गायला लागलं की अख्खं सभागृह ओळ पूर्ण करतं. एका ओळीसाठी गायिकेला तीनतीनदा मागे बोलावणारे श्रोते मी आणखी कुठे बघितले नाहीत.

एक संध्याकाळ नुसती नदीला ठेवा. गार्डन सिटीच्या काठावरून सूर्यास्ताआधी शिडाची फलूका तासाभरासाठी ठरवा, भाव आधी पक्का करा, तोही माणशी की बोटीचा हे विचारून. नंतर कस्र अल-नील पुलावर चाला. भाजलेली रताळी, भिजवलेले तुरमुस नावाचे कडधान्याचे दाणे, कागदी पेल्यात गरम तिखट छोल्यांचं पाणी. खाली दिव्यांच्या बोटींतून महरगान हे गल्लीबोळातलं दणदणीत ठेक्याचं संगीत एवढ्या मोठ्यानं येतं की पुलाचा कठडा थरथरतो.

बायकांच्या सुरक्षिततेबद्दल. लुटालूट, मारामारी यांची भीती मोठ्या शहरांच्या मानानं कमी आहे. टोमणे, मागे लागणं, टक लावून बघणं हे मात्र होतं. 2014 आणि 2021मध्ये कायदे कडक झाले, तरी संपलेलं नाही. सैल, गुडघ्याखालचे कपडे आणि गळ्यात ओढणी, जी मशिदीत डोक्यावर घेता येते. आपला पंजाबी ड्रेस अगदी योग्य. रस्त्यावर डोकं झाकायची सक्ती नाही. गल्लीतल्या काही चहाच्या अड्ड्यांवर फक्त पुरुष बसतात. जिथे आधीच बायका दिसतात तिथे बसा. कुणी मागे लागलं तर उत्तर देत बसू नका, जवळच्या दुकानात शिरा. दुकानदार बहुतेक वेळा स्वतःच त्या माणसाला हाकलतो. रात्री परतताना उबर किंवा करीम बोलवा, भावाची घासाघीस वाचते. रस्ता ओलांडताना एखाद्या स्थानिक बाईच्या शेजारी उभ्या राहा आणि तिच्या चालीनं चाला, मध्ये थबकू नका.

पैशाचं थोडक्यात. 2024च्या मार्चमधल्या अवमूल्यनानंतर डॉलरला साधारण पन्नास पौंड असा भाव आहे. मोठ्या स्मारकांची तिकिटं कार्डानंच घेतात, बक्षिसीला मात्र पाच-दहा-वीसच्या सुट्या नोटा हव्यात. बूट सांभाळणारा, दिवा लावून दाखवणारा, सगळ्यांना द्या, पण ज्यानं बळेबळे हात धरून नेलं त्याला देऊ नका. ‘आज संग्रहालय बंद आहे, माझ्याबरोबर चला’ असं सांगणारा पपायरसच्या दुकानात नेतो. अरबी आकडे शिकून घ्या. दोन आणि तीन आपल्या देवनागरीच्या जवळचे आहेत, शून्य म्हणजे नुसतं टिंब आणि गोल वर्तुळ म्हणजे पाच. हे कळलं की बाजारातली पाटी वाचता येते आणि निम्मी फसवणूक टळते.

पिरॅमिड आणि नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम एकाच दिवशी घ्या, हा एकच दिवस भल्या पहाटे उठायचा. नोव्हेंबर 2025मध्ये रीतसर उघडलेल्या त्या म्युझियममध्ये तुतनखामूनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू प्रथमच एकत्र आहेत. तिकीट आधी ऑनलाइन काढा, ऐनवेळी मिळेलच असं नाही. पिरॅमिड उघडतानाच गाठा, दुपारनंतर म्युझियम. शुक्रवारची सकाळ डाउनटाउनला द्या. दुकानं दुपारच्या नमाजापर्यंत बंद, गाड्या नाहीत, आणि एरवी पाट्यांमागे दडलेल्या इमारतींचे सज्जे, पुतळे, लोखंडी जाळ्या मान वर करून बघता येतात.

तारखा अजून हलवता येत असतील तर एक विचार करा. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो, 2027मध्ये तो 8 फेब्रुवारीच्या आसपास सुरू होईल. त्या महिन्यात दिवसा कोशरीची दुकानं बंद, बार बहुतेक बंद, स्मारकं लवकर मिटतात. पण संध्याकाळच्या तोफेनंतर गल्लोगल्ली कंदील, रस्त्यावर मांडलेली टेबलं आणि पहाटे तीनपर्यंत हुसेन मशिदीच्या चौकात मुंगीलाही वाट मिळणार नाही अशी गर्दी. पहिल्या खेपेला सगळं आरामात बघायचं असेल तर नोव्हेंबरच ठेवा. रात्रीचं कैरो हाच तुमचा मुख्य ओढा असेल तर मी तिकिटं रमजानच्या दुसऱ्या आठवड्याची काढेन, आणि हॉटेल अल-अझहर मशिदीपासून चालत जाता येईल असं बघेन.